आक्काला काय कमी होतं

४ ऑगस्ट, सोमवार
आज आक्का कळसच्या फाट्यावर अर्धा तास उभी होती. गिरणीतून दळण घेऊन येताना डावीकडे की उजवीकडे तेच सुचेना. पन्नास वर्षं पायाखालचा रस्ता. दूध डेअरीच्या गाडीवाल्याने ओळखून वस्तीवर आणून सोडली. मला म्हणाली, "ऊन लई व्हतं, म्हून थांबले जरा." आभाळ आलेलं होतं.
हे म्हणाले, "वय झालं आता वहिनीचं." माझी जाऊ बहात्तर वर्षांची, मी सदुसष्ट. म्हणजे पाच वर्षांनी मीही फाट्यावर.

७ ऑगस्ट, गुरुवार
विकासला कळलं. कुणी सांगितलं ते विचारायला नको, ह्यांच्या पोटात काही राहत नाही. विकास आक्काचा एकुलता एक, हडपसरला असतो. फोनवर: "काकी, गॅसपण दोनदा चालू राहिला ना? दिवाळीला येतो तेव्हा आईला घेऊनच जातो."
"तिसऱ्या मजल्यावर ती करेल काय?"
"काही करायचं नाही तिनं. तेच तर."
काही न करणारी आक्का मी पाहिलेली नाही. आणि ती गेल्यावर हे घर, ही चूल… नको. लिहीत नाही.
दिवाळीला अडीच महिने आहेत. तोवर तिचं डोकं ताळ्यावर आणायचं. कशी आठवत नाही बघतेच.

१३ ऑगस्ट, बुधवार
आक्काचा खुराक सुरू. रात्री भिजवलेले पाच बदाम. अक्रोड. कुणी सांगितलं म्हणून ब्राह्मीचं तूप. विकासने कुरिअरने दोन बाटल्या कॅप्सूल धाडल्या, पिवळ्या, काचेसारख्या.
शिवाय पावडर. माझ्या हाताखाली शिकलेल्या संदीपने जळोचीत मेंदूच्या पावडरची एजन्सी घेतली आहे. "बाई, सकाळी एक चमचा, सगळं आठवतं." मी म्हटलं, तेराचा पाढा म्हण. हसत बसला. तरी डबा घेतला मी. शहाणपण असं ऐनवेळी कुठे जातं कोण जाणे.
आक्का सगळं निमूट घेते. "माजी म्हस केलीस तू," एवढंच म्हणाली.

२१ ऑगस्ट, गुरुवार
घात झाला. बाटलीमागची बारीक अक्षरं आज भिंगाखाली धरली. माशाचं तेल! आक्का तीस वर्षांची माळकरी. कांदा-लसूण एकवेळ चालेल, पण हे? आठ कॅप्सूल पोटात गेल्या होत्या.
हे म्हणाले, "सांगू नगंस. आज न्हाईतर उद्या इसरंल ती." हे ऐकून मला एवढा राग आला की लगेच जाऊन सांगून टाकलं.
आक्का माळेला हात लावून, "मला ठावं नव्हतं. देवाला म्हाईत हाय कुणी दिली ती. तू वाचून द्याची व्हतीस, मास्तरीण ना तू?" आणि हसली. अंघोळ करून आली, देवापुढे बसली. बाहेर येऊन म्हणाली, "तुजं नाव सांगून आले."
या बाईने आयुष्यभर माझ्या चुका अशाच पोटात घातल्या. तोंडावर मी तिला 'तुम्ही' म्हणते, वहीत 'ती' लिहिते, पण मनात ती माझी आईच आहे. लिहून टाकलं एकदा.

१ सप्टेंबर, सोमवार
गौरी जेवल्या. सोळा भाज्या आक्कानेच केल्या, पुरणात जायफळसुद्धा विसरली नाही. मला वाटलं, लागू पडलं बदामाचं.
पंगत बसली आणि ती वाढता वाढता मला म्हणाली, "आबांचं ताट कुठंय? शेतातनं आलं न्हाईत का अजून?"
आबांना जाऊन नऊ वर्षं झाली. यांचे थोरले भाऊ, आक्काचा नवरा.
मीच म्हटलं, "ते मागून जेवतील." ती मान हलवून पुढे गेली. मग पातेल्याशी थांबली, चेहरा उतरला. तिला आठवलं होतं. आठवलं नसतं तर बरं, असं क्षणभर वाटलं मला.
बास झाली पावडर. बारामतीला डॉक्टरकडे नेणार.

५ सप्टेंबर, शुक्रवार
शिक्षक दिन. आज शिकायची पाळी माझी होती.
डॉक्टरीणबाई तरुण, माझ्या विद्यार्थिनी शोभाव्यात अशा. मी पिशवी उलटी करून सगळे डबे टेबलावर मांडले. त्यांनी बाजूला सरकवले. "याआधी रक्त कधी तपासलंय?" कधीच नाही.
पायाला मुंग्या येतात का? आक्का म्हणाली, "येत्यात की. दोन वर्सं झाली." मला कधी बोलली नव्हती.
रोज कुठली गोळी? मी सांगितलं, पित्ताची. सात वर्षांपूर्वी दिली होती. किती दिवसांसाठी? पंधरा. आणि मी दर महिन्याला मेडिकलमधून आणत राहिले. आठवणीने! एक दिवस चुकवला नाही.
मग, मांसाहार नाही, ठीक, दूध किती घेता? मीच ठसक्यात म्हटलं, "दूध? सात गाई आहेत घरी!"
"मी आजींना विचारतेय."
आक्का खाली बघून म्हणाली, "न्हाय घेत. पोरं ल्हान व्हती तवापासनं सुटलंया. चा बी कोराच घेते. ताक, उरलं तर."
रक्त दिलं. येताना आक्का गाडीत झोपली. मी नाही.

७ सप्टेंबर, रविवार
दोन दिवस डोक्यातून जात नाही. लिहूनच काढते.
अविनाश झाला तेव्हा मी शाळेत नवीन. सकाळी सायकलवर निघायची ती संध्याकाळी यायची. अंगावरचं दूध आटलं. पोरगं काडीसारखं. तेव्हा घरात एकच म्हैस, दूध सगळं डेअरीला, घरात ठेवायचं ते अर्धा लिटर. त्यात सगळी माणसं. त्याच सुमारास आक्का म्हणायला लागली, "मला दुधाचा वास सोसत न्हाय. माजं त्या अविला द्या."
वास सोसत नाही! दोन्ही वेळा धार काढायला तीच बसायची. लुगड्याला, हाताला, केसाला दुधाचा वास. आणि मी शिकलेली बाई, विश्वास ठेवला. चाळीस वर्षं. नंतर गाई आल्या, गोठा भरला, तरी कुणी तिला पेला भरून दिला नाही. मीसुद्धा नाही.
तिच्या वाटणीवर माझा मुलगा सहा फूट झाला. माझी नोकरी, माझी पेन्शन, ही वही, सगळं तिच्या जिवावर.
अविनाशला नाशिकला फोन केला. ऐकून म्हणाला, "आई, मोठीआईला सांग, मी येतोय." शनिवारी येतो आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार
रिपोर्ट आला. बी-ट्वेल्व्ह खालच्या रेषेच्याही बराच खाली. डॉक्टर म्हणाल्या, डोकं, पाय, दोन्हीवर याचा परिणाम होतो. दूध कमी आणि वर रोज पित्ताची गोळी, दोन्ही मिळून झालं असेल. गोळी बंद. इंजेक्शन एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला. "किती भरून येईल?" बघावं लागेल. काही वयाचंही असू शकतं. आत्ताच सांगता येणार नाही. बदाम आवडत असतील तर खाऊ द्या. पावडर कशासाठी?
ह्यांनी रात्री जेवताना ऐकवलं, "डाळिंबाला माती तपासल्याबिगर एक पोतं टाकत न्हाय आपण. आन वहिनीला महिनाभर हाताला लागंल ते घातलं." खरं आहे.
तरी आज हायसं वाटतंय. निदान नाव कळलं त्याचं.

११ सप्टेंबर, गुरुवार
पहिलं इंजेक्शन. लालभडक औषध. आक्का सुईकडे बघून, "डाळिंबाचा रस हाय का काय?" नर्स खुदकन हसली.
संध्याकाळी दुधाचा पेला नेला. साखर घालून. "वास येतो मला." मी म्हटलं, आक्का, पुरे आता ते. माझ्याकडे बघितलं, पेला घेतला, दोन घोट प्यायली. बाकीचं मांजराला. चालेल. उद्या तीन घोट.

२८ सप्टेंबर, रविवार
अविनाश येऊन गेला, दोन दिवस मोठीआईजवळच बसून होता. आक्काच्या पायाच्या मुंग्या कमी. स्वतः म्हणाली. काल गिरणीत एकटी गेली आणि एकटी आली. मी बांधावरून लपून बघत होते. फाट्यावर न थांबता वळली आणि मला रडू आलं. येऊन म्हणते, "बांदावर काय करत व्हतीस गं?"
डॉक्टरीणबाईंना मेसेज केला, नुसतं "आभारी आहे". त्यांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. संदीपचाही फोन होता: बाई, फरक पडला का? म्हटलं पडला, तुझ्या पावडरने नाही. तरी बिचारा "बरं झालं बाई" म्हणाला. मनापासून म्हणाला. पोरगा वाईट नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
बारामती. आकडा रेषेच्या वर आला. मी पेढे न्यायला निघाले होते, बरं झालं नेले नाहीत. डॉक्टरांनी आक्काला तीन शब्द सांगितले, थोड्या वेळाने परत विचारले. एकच आठवला. काही परत येईल, काही येणारही नाही, जानेवारीत पुन्हा बघू.
घरी येऊन आक्काने चार वेळा विचारलं, आज वार कोणता. चारही वेळा मंगळवार सांगितला. पूर्वी एवढा धीर माझ्याकडे नव्हता. वर्गातल्या पोरांना विचारा.
तरी जे परत आलं ते थोडं नाही. आबांचं ताट पुन्हा मागितलेलं नाही तिने.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज
विकास कालच आला. रिकामी बॅग घेऊन आला आहे, आईच्या कपड्यांसाठी. सकाळी तिला विचारलं, "येतेस ना?" ती म्हणाली, "बघू. गाय व्यायला झालीया." तो हसला, मग माझ्याकडे वळला, गोठ्यामागे नेलं. "काकी, तुम्ही खोटं नाही बोलत. खरंच सुधारलीय का ती? तुम्ही हो म्हणालात तर बॅग तशीच नेतो. उद्या सकाळी सांगा."
चांगला मुलगा आहे. आईची काळजी करतो म्हणून त्याच्यावर रागावता येत नाही. हो म्हणावं तर उद्या काही झालं तर? नाही म्हणावं तर…
दुपारी आक्का ओट्यावर वाटाणे सोलत बसली होती. मी शेजारी बसले. दीड महिना जे म्हणायचं राहून गेलं होतं ते आज म्हटलं. आक्का, अविनाश लहान असताना तुम्ही तुमचं दूध सोडलंत त्याच्यासाठी. मला कळलं नाही. मी कधी बोलले नाही. तुमचे उपकार आहेत माझ्यावर.
"मी? कवा गं?"
मग सगळं सांगितलं. म्हैस, अर्धा लिटर, माझी सायकल, काडीसारखा अवि, रोज धार काढणारी आणि वास सोसत नाही म्हणणारी जाऊ. ती शेंगा सोलता सोलता नीट ऐकत होती, दुसऱ्याच कुणाच्या घरातलं ऐकावं तशी. शेवटी म्हणाली,
"चांगली हाय की गं तुजी जाऊ."
थट्टा करत होती की खरंच… मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. कळेना. तिने पुढची शेंग उचलली.
मी म्हटलं, "व्हय. लई चांगली हाय."