धूसर आलेली फुलं

ती. ताईस,
नमस्कार. मी धडधाकट आहे. आईला एवढंच वाचून दाखव आणि पत्र घडी घालून ठेव.

डोळ्यांचं दुखणं वाढलंय. डॉक्टर म्हणाले, "आहे तेवढी नजर सांभाळा." बियाण्यांच्या पाकिटांसाठी फुलांचे फोटो काढणाऱ्याने काय सांभाळायचं, सांग!

इतके दिवस निभावलं ते रोपवाटिकेतल्या माळ्यामुळे. मी फोटो काढला की तो कॅमेऱ्यात डोकावायचा आणि म्हणायचा, "धूसर आलंय रे आंधळ्या, पुन्हा काढ." मालकाला त्याने कधी पत्ता लागू दिला नाही. मागच्या मंगळवारी रोपांना पाणी घालता घालता तो कोसळला आणि गेला. काल मालकाने माझे सगळे फोटो परत केले. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तुझा गुडघा कसा आहे? उत्तर मोठ्या अक्षरांत लिही.

माळ्याला नेताना त्याच्यावर वाहायला कोणीतरी माझ्या हातात एक फूल दिलं, ताई. कुठलं होतं ते मला दिसेना. सवयीने मी त्यालाच विचारलं.

तुझाच,
धाकटा