हेल्मेटवर कॅमेरा कुठं

रविवार, ताडकळस

पुढच्या आठवड्यात विमानातून उड्या मारणाऱ्यांचं शूटिंग त्यांच्यासोबत उडी मारून करायचंय आणि हेल्मेटवर कॅमेरा कुठं बसवावा, तेच ठरेना. डोक्यावर बसवला तर चित्र सरळ येतं, पण पॅराशूटची दोरी अडकू शकते. आईला हे सांगायला नको होतं, पण सांगून बसले. ती शिलाईचा दोरा घेऊन आली, मला हेल्मेट घालायला लावलं आणि दोरा सगळीकडून ओढून बघितला.

"वर अडकायलाय बघ. हनुवटीपाशी न्हाई अडकत. इथंच लाव."

"आई, इथून चित्र हलतं."

"हलू दे. तू नीट खाली ये."

हनुवटीपाशीच लावला. मग आई हळूच म्हणाली, "त्यात तू दिसतीस का?"

नाही. कॅमेरा माझ्याकडं बघतच नाही, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. माझ्यासोबत दुसरा कॅमेरा लावून उडी मारणाऱ्या सुनीताला लगेच फोन केला. म्हटलं, एकदा माझ्याकडं वळून बघ, आईसाठी.