उकळलेली नथ

२२ ऑक्टोबर १९७१, शुक्रवार

घात झाला! नथ उकळली मी. चुलीवर, स्वतःच्या हातानं!

परवा माझी ओटी भरायची, सातवा महिना लागला. म्हणून आत्याबाईंनी माळ्यावरच्या ट्रंकेतून त्यांची नथ काढून दिली. "पुसून ठेव," एवढंच म्हणाल्या. पण सुनेला कुठलं पुसण्यावर भागतंय! सोन्याची तार काळवंडली होती. माहेरी सोनं साफ करायचं म्हणजे रिठ्याच्या पाण्यात उकळायचं, मग चिंच चोळायची. तेच केलं. उकळी फुटल्यावर काढली आणि तशीच माठातल्या गार पाण्यात टाकली.

तार झकास निघाली. मोती मात्र खडूसारखे! सकाळी पांढऱ्यात जरा गुलाबी झाक होती, ती साफ गेली. नऊच्या नऊ. एकाला तर केसाएवढी चीर पडलीय.

आत्याबाईंकडं नवऱ्याच्या हातची एवढी एकच वस्तू उरली होती. मामंजी जाऊन आठ वर्षं झाली. मी मॅट्रिक, सांगलीत शिकलेली — काय उपयोग झाला?

२४ ऑक्टोबर, रविवार

ओटी भरली. शेजारच्या सुलाबाईंनी नथ माझ्या नाकात अडकवली आणि त्यांचा हात जागीच थांबला. आत्याबाई विधवा, त्यामुळं त्या आतल्या दारात उभ्या. त्यांना तिथूनसुद्धा दिसलं.

"आगं, मोत्याचं पाणी गेलं की!"

मोत्याची झळाळी, तिला इथं पाणी म्हणतात. सुलाबाई हळूच म्हणाल्या, "नथीचा मोती उतरला की घरधन्याला जपावं लागतंय." आणि हे तिकडं सरहद्दीवर, पलटणीत!

"मीच उकळली हो" — एवढं म्हणायचं होतं. दातखिळीच बसली. आत्याबाई आत जाऊन देवापुढं बसल्या त्या दिवेलागणीपर्यंत.

२५ ऑक्टोबर

नाही सांगितलं.

२ नोव्हेंबर, मंगळवार

सांगलीला जाऊन आले. निमित्त डॉक्टरांना दाखवायचं. नाथाजी भाऊजी — ह्यांचे चुलतभाऊ — सोबत होते. त्यांना विश्रामबागेत आमच्या अण्णांपाशी बसवलं आणि मी नथ घेऊन पेठेत एका म्हाताऱ्या सोनारांकडं, पोतदारांकडं, गेले. माहेरी पाऊल टाकलं की आई नसल्याचं नव्यानं कळतं. ती असती तर बाळंतपणाला तिकडंच गेले असते. तिनं मला नथ उकळूही दिली नसती.

पोतदारांनी भिंग लावून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"बाई, सोनं धातू आहे, ते सोसतं. मोती शिंपल्याच्या पोटात वाढतो, कांद्यासारखा पापुद्र्यावर पापुद्रा. त्यात थोडा ओलावा असतो, तो आटवलात तुम्ही. वर एकदम गार पाण्यात? तडकणारच! आणि चिंच तर त्याला खाऊन टाकते."

कुठं ठेवत होता, तेही विचारलं. पत्र्याखाली, लोखंडी ट्रंकेत, कापसात गुंडाळून — आठ उन्हाळे. ते म्हणाले, "म्हणजे निम्मं काम आधीच झालं होतं." हे ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

काय करू मग? मलमलीत ठेवायची. ओल्या फडक्यानं हलकं पुसून सावलीत सुकवायची. तेल, अत्तर सगळं झाल्यावर शेवटी घालायची. "आणि वापरा. अंगाची ऊब मोत्याला चालते, चुलीची झळ चालत नाही."

गेलेलं पाणी परत येईल का? मान हलवली त्यांनी. नाही.

परतताना एसटीत ठरवलं, आज सांगायचंच. घरी आले तर आत्याबाई दारातच विचारत्यात, "डागदर काय म्हनला गं? पोरगं बरं हाय न्हवं?" त्या तोंडाकडं बघून कसं सांगायचं! ह्यांना मात्र सगळं लिहून टाकलं.

२७ नोव्हेंबर, शनिवार

ह्यांचं पत्र आलं! "नथ शिजवलीस, आता आमटी कर!" — लिहिण्याची पद्धत बघा! मला राग आला आणि हसूही आलं. हसू कितीतरी दिवसांनी. पुढं लिहिलंय, "आईला सांगून टाक. रागावली तर म्हण, तुमच्या लेकानंच उकळायला सांगितली. माझ्यावर ती फार वेळ रागावत नाही."

"इकडं थंडी फार आहे," एवढंच स्वतःबद्दल. चार वेळा वाचलं. उद्या सांगते.

४ डिसेंबर, शनिवार

लढाई पेटली. नाथाजी भाऊजींच्या रेडिओपाशी अख्खी आळी जमली होती. मला आत्याबाईंनी उठवून आत नेलं. हात थंडगार होता त्यांचा.

आता कसली नथ आणि कसलं सांगणं! पण सुलाबाईंचं ते बोलणं डोक्यातून जात नाही. मला माहीत आहे ना, मोती रिठ्यानं गेले, चिंचेनं गेले! तरी रोज नथ उघडून बघते.

९ डिसेंबर, गुरुवार

आत्याबाईंनी काल दुपारपासून अन्नाला हात लावलेला नाही. भाऊजी कडेगावहून पोस्ट बघून आले, दोघं गोठ्यात बोलत बसले, तेव्हापासून. लढाईचं काहीबाही ऐकलं असणार. मी विचारलं तर म्हणाल्या, "काय न्हाई. उपास धरलाय."

कुणासाठी धरलाय ते मला सांगायला नको. नथ बघून धसका घेतलाय त्यांनी. आणि तो घालवणं माझ्या हातात आहे, तरी मी गप्प! असली कसली मी?

१२ डिसेंबर, रविवार

आज एक नवलच. "नथ घाल," म्हणाल्या. म्हटलं, सण नाही, वार नाही! "रोज घालत जा. मन भरूस्तवर घाल." पोतदारांनी सांगितलेलं बोलता बोलता माझ्या तोंडून गेलं, की अंगावर मोती चांगला राहतो. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, काही विचारलं नाही.

"मग चुलीफुडं बसू नगंस. झळ लागंल मोत्याला."

स्वयंपाक आता सगळा त्याच करतात. एकीच्या पुरता. स्वतः घोटभर चहावर आहेत. साठीची बाई! मी नाकात नथ घालून आयती जेवते!

१७ डिसेंबर, शुक्रवार

लढाई संपली! आपण जिंकलो! चावडीपुढं पोरं नाचली, पेढे वाटले. आमच्या घरी पेढा आला नाही. सुलाबाई दारापर्यंत आल्या होत्या, आत्याबाईंनी उंबऱ्यातूनच परत पाठवलं. "पोटुशी बाई हाय, तिला कुनाची नजर नगं." मला बघून सुलाबाईंनी पदर तोंडाला लावला. अजून त्या नथीचंच घेऊन बसल्यात! एवढा राग आला मला!

ह्यांचं पत्र नाही. भाऊजी म्हणाले, "टपाल तुंबलंय, वहिनी," आणि वैरण टाकायला निघून गेले. हल्ली ते माझ्याकडं नीट बघतही नाहीत.

२१ डिसेंबर, मंगळवार

सांगितलं. एकदाचं सांगितलं!

त्या जात्यापाशी नुसत्याच बसल्या होत्या, दळण तसंच. मी पाय धरले. म्हटलं, आत्याबाई, मोत्यांनी काही सांगितलेलं नाही. मी रिठ्यात उकळली, चिंच लावली, गार पाण्यात टाकली. अपशकुन नाही, माझा अडाणीपणा आहे. तुम्ही जेवा. तुमच्या लेकाला काही होत नाही!

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "मोतीच की गं त्ये. मोत्यापायी कोन उपाशी ऱ्हातंय?"

आणि उठून, माझ्यासमोर, अर्धी भाकरी खाल्ली. पाण्याबरोबर गिळत गिळत, पण खाल्ली. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. दोन महिन्यांनी आज गाढ झोपणार. ह्यांना लिहायचं, तुमचं नाव सांगायची वेळच आली नाही.

२७ डिसेंबर

कळा सुरू आहेत बहुतेक. सुईणीला बोलावलंय.

१० जानेवारी १९७२, सोमवार

मुलगी. तेरा दिवसांची झाली.

आज आत्याबाईंनी तिला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं आणि कमरेची चंची सोडून त्यातली तार माझ्या हातात दिली. ह्यांच्या पलटणीकडून आलेली, सात डिसेंबरची. भाऊजींनी आठ तारखेलाच आणून, गोठ्यात त्यांना वाचून दाखवली होती. सगळ्या आळीला ठाऊक होतं. "तू दोन जिवांची व्हतीस गं," म्हणाल्या.

मी मोत्यांसाठी त्यांचे पाय धरले, तेव्हाही ती तार त्यांच्या कमरेलाच होती.