चवळीखाऊ कोनेच्या हाती

आई,
तुला आणि घरातल्या सगळ्या थोरामोठ्यांना माझा सलाम.

मी सुखरूप आहे. आबिजानमध्ये एका मोठ्या घरात ठेवलंय, दोन्ही वेळा भात मिळतो, पंखाही आहे. मंत्र्यांवरचं माझं गाणं रेडिओवर वाजलं, तेव्हापासून कार्यक्रम बंद आहेत, एवढंच. गळ्याला विश्रांती मिळतेय.

तुझे गुडघे कसे आहेत? धाकटी मासेनी शाळेत जाते ना?

दाराशी पहारेकरी असतो, लासिना कोने. म्हणजे आपला थट्टेतला भाऊच; आपण त्राओरे आणि ते कोने, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना चवळीखाऊ म्हणून चिडवणारे. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "ए चवळीखाऊ, तुझ्या हातात बंदूक कोणी दिली?" तो म्हणाला, "तुम्हा त्राओरेंची तोंडं नुसत्या हाताने बंद होत नाहीत म्हणून दिली." कितीतरी दिवसांनी हसलो.

कोनेला त्राओरेचा शब्द मोडता येत नाही, हे तुला काय सांगायचं. गिटारची तार आण म्हटलं, त्याने आणली. आता रजेवर गावी येताना हे पत्रही आणतोय. त्याला पोटभर चवळी वाढ, चार शिव्याही घाल.

तू म्हणशील, मग त्याला दार उघडायला का सांगत नाहीस? सांगितलं तर तो उघडेल, आई. त्याला चार मुलं आहेत.

तुझा,
सिरिकी