बागियोतलं उकळतं पाणी

प्रिय अपोलिना,

आठवीत तू म्हणालीस, "बाई, पाणी पंच्याण्णवलाच उकळतंय." मी म्हटलं, "पुस्तकापेक्षा शहाणी झालीस का गं?" आणि तुला शून्य दिलं. आपलं बागियो डोंगरावर आहे, इथे पाणी शंभराच्या आधीच उकळतं, हे मला ठाऊक होतं. पण मनिलाहून तपासणीला येणाऱ्या साहेबांना उत्तर शंभरच लागायचं.

निवृत्तीनंतर मी नवे शिक्षक घडवते. हसू नकोस. काल त्यांनी पाणी उकळलं, आणि वीसच्या वीस जणांनी शंभर लिहिलं. मी तुझ्या शून्याची कबुली दिली. लगेच बाकी सगळ्यांनी खोडून पंच्याण्णव केलं. एकटी बायसा थर्मामीटरवर वाकली.

"बाई, मला चौऱ्याण्णव दिसतंय."

"मग तेच लिही."

तिला पैकीच्या पैकी दिले. ते तुझे होते. तुझा पत्ता मात्र मी कधीच विचारला नाही; हे पत्र पाठवू कुठे?

तुझी विज्ञानाची बाई,
फेलिसिदाद