वेशीबाहेरचा प्लॉट

उस्मानाबाद,
१२ एप्रिल १९६२

प्रिय कमल,

तू लग्न होऊन सोलापूरला गेलीस तेव्हाचं गाव आता उरलं नाही. एस.टी. स्टँड झाला, कचेऱ्या वाढल्या, पुण्याकडचे साहेबलोक बदलून आले. बाजारही वेशीबाहेर सरकला. आपण हुरडा खायला जायचो त्या तुमच्या रानात तुझ्या आण्णांनी सोसायटी काढून वसाहत बसवली. सरळ रस्ते, दारात नळ. संध्याकाळी तिकडं दिवे लागले की आमच्या गल्लीतल्या बाया ओट्यावर बसून बघत राहतात.

त्यातली निम्मी घरं यांच्या हातची. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं, त्या पोलीस ॲक्शननंतर गल्लीतली कितीतरी घरं हैदराबादला गेली. आम्हीही निघालो होतो. तेव्हा आण्णाच यांना म्हणाले होते, "आयुब, तू जायचं न्हाय. गाव आता वाढणार हाय. तुझ्यासारखा गवंडी गेल्यावर बांधणार कोण?" त्या शब्दावर आम्ही राहिलो.

आमची मुनवर मोठी झाली, घर अपुरं पडायला लागलं. म्हणून यांनी यंदा आण्णांकडं एक प्लॉट मागितला, सगळ्यांना पडला त्याच दरानं. आण्णांनी खुर्ची दिली, चहा पाजला. मग खाली बघत म्हणाले, "माझं काही न्हाय रे. पण बाकीचे सभासद ऐकायचे न्हाईत. तुम्हाला वेशीच्या आत, आपल्या लोकांतच बरं न्हाय का?"

हे त्या दिवशी जेवले नाहीत. सकाळी मात्र त्याच वसाहतीत कामाला गेले. मी लई चिडले, तर म्हणाले, "अर्धी भिंत टाकून कसा येऊ?"

गेल्या आठवड्यात आण्णांचा निरोप आला: कमलचं घर बांधायला काढायचंय, पाया आखायला ये. तुम्ही दोघं परत येताय, दाजींची बदली इकडं होतेय, हे मला तेव्हाच कळलं. हे गेले. सुतळी धरली, एका कोपऱ्याला खुंटी ठोकली आणि तिथंच बसून राहिले. मग उठून म्हणाले, "आण्णासाहेब, कमलताईचं घर माझ्या हातून व्हायचं न्हाय. दुसरा माणूस बघा." यांनी कुणाचं काम नाकारलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. आता गावभर झालंय, आयुबला मस्ती आली म्हणून. यांनी हैदराबादला भावाला कळवलंय. मी इथून हलणार नाही म्हणते, आणि त्यावरून रोज आमचं वाजतं.

कमल, हे पत्र प्लॉटसाठी नाही. तू परत येणार हे कळलं तेव्हा मी वेड्यासारखी मुनवरला सांगत सुटले होते. पण काम का टाकलं, ते यांनी काल सांगितलं. दाजीही सोसायटीचे सभासद, बैठकीला सोलापूरहून आले होते; आमच्या नावाला पहिली हरकत त्यांनीच घेतली होती. तुला हे ठाऊक होतं का? हो किंवा नाही, एवढंच लिही. हो असलं तरी लिही. तू गप्प बसलीस तर मात्र मी कुणाच्या भरवशावर यांना थांबा म्हणू?

तुझीच,
ताहेरा