फेलिपा आजीचं मडकं

आयाकुचो, रविवार

प्रिय अदेल्मिरा,

तुझं पत्र आणि मेडिकल प्रवेशाच्या मुलाखतीसाठी लिहिलेली दोन पानं मिळाली. लिमाला गेल्यापासून तुझं अक्षर आणखी बिघडलंय, म्हणजे डॉक्टर होण्याची अर्धी तयारी झाली म्हणायची. गुरुवारी काय बोलू, आत शिरल्यावर टिकू कशी, असं विचारलंस, आणि पानं लाल पेनाने तपासून पाठव म्हणालीस. तीन दिवस ती माझ्या टेबलावर आहेत. एका वाक्यापाशी आलं की पेन थांबतो. म्हणून आधी सोपं तेवढं सांगते. उद्या आमची एक नर्स बसने लिमाला येतेय, तिच्या हाती हे देईन.

लेखी परीक्षा तू पार केलीस, आता पाठ केलेलं बोलू नकोस. समोरची माणसं सकाळपासून 'मला गरिबांची सेवा करायची आहे' ऐकून विटलेली असतात. जे येत नसेल ते येत नाही म्हण. क्वेचुआ येतं हे लपवू नकोस, लिमाची पोरं हसली तरी. पहिल्या वर्षी शरीररचना घोकून संपत नाही. चित्रं काढ आणि दुसऱ्याला शिकव, मग ती डोक्यात राहते. टाक्यांचा सराव खुर्चीच्या दांड्यावर कर, मी अजून करते. नर्सशी वाकडं घेऊ नकोस. ड्युटीवर जाण्याआधी पोटभर जेव. आणि पेशंटच्या माणसांनी काही मागितलं, तर नाही म्हणण्याआधी कशाला हवंय एवढं विचार. हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पदवीनंतर एक वर्ष खेड्यात काढावं लागतं, ते तुलाही चुकणार नाही. मला तुमच्या चाकिमायोचं आरोग्य केंद्र मिळालं. मी पंचवीस वर्षांची, लिमात वाढलेली, क्वेचुआचं एक अक्षर येत नव्हतं. तुझी आई एउफ्रासिया शाळा शिकलेली. पेशंटचं बोलणं ती मला स्पॅनिशमध्ये सांगायची आणि माझं त्यांना. पहिल्याच दिवशी माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "डॉक्टरीणबाई, हे बूट लग्नात मिरवायचे, आमच्या चिखलात नाही." आणि स्वतःचे रबरी बूट आणून दिले. तुझं हसणं तिचंच आहे, हे मी तुला कधी सांगितलं नाही. का, ते पुढे कळेल.

मार्चमध्ये तुझी सबिना मावशी बाळंतपणाला केंद्रात आली. गावातली ती पहिलीच बाई, एउफ्रासियाने घरोघर फिरून सगळ्यांची समजूत काढली होती. मुलगा सुखरूप झाला, मागून नाळेसकट वार पडली. दारात तुझी फेलिपा आजी नवंकोरं मडकं घेऊन उभी होती. तुमच्यात वार धुऊन चुलीपाशी पुरतात, नाहीतर बाळंतीण आजारते आणि मूल घर विसरतं, हे तुला ठाऊकच आहे. मला ते ठाऊक नव्हतं आणि मी विचारलंही नाही. मी ती जाळायच्या कचऱ्याच्या लाल बादलीत टाकली. एउफ्रासियाने दोनदा मागितली. दुसऱ्यांदा म्हणाली, "द्या ना बाई, आमचीच तर आहे." मी म्हणाले, "हा दवाखाना आहे, तुमची चूल नाही," आणि झाकण लावलं. वार घरच्यांना देऊ नये असं माझ्या नियमपुस्तकात कुठेच नव्हतं. ते मी नंतर पानन् पान चाळून पाहिलं.

माझं ते वाक्य एउफ्रासियाने तिच्या आईला क्वेचुआत सांगितलं. कसं सांगितलं, मला माहीत नाही. आजी रिकामं मडकं घेऊन गेली.

त्यानंतर केंद्रातला बाक ओस पडला. एउफ्रासियाला तेव्हा तिसरा महिना होता. म्हणजे त्या खोलीत तूही होतीस. तीसुद्धा तपासणीला यायची थांबली. बाजारात एकदा भेटली तेव्हा मी विचारलं, तर म्हणाली, "मी रागावले नाही हो. पण माझ्या आईला परत रिकाम्या हाताने नाही पाठवणार." मला तिचा राग आला. शिकलेली बाई असून, असं मनात म्हणाले.

सप्टेंबरात एका दुपारी तुझे वडील खेचरावरून आले. तुझा जन्म सकाळीच झाला होता, पण वार पडत नव्हती आणि रक्त थांबत नव्हतं. घर दोन तासांच्या चढावर. ती केंद्रात असती तर दहा मिनिटांचं काम होतं. औषध माझ्या फ्रीजमध्ये होतं. मी पोचले तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. मी हाताने वार काढली, इंजेक्शन दिलं, पोट दाबून धरलं. उशीर झाला होता. तिचा श्वास थांबला, तरी मी ती वार ओंजळीत धरून तशीच बसले होते, कुठे ठेवावी कळेना. फेलिपा आजीने मडकं पुढे केलं. तेच, मार्चमधलं. मी स्वतःच्या हाताने त्यात ठेवली.

तू वर्षाची झालीस तेव्हा जावळाला आजीने मला बोलावलं आणि कात्री हातात दिली. "पहिली बट तू काप. आता ही तुझीपण. पळायचं नाही." अशी मी तुझी माद्रिना, धर्माची आई, झाले. तिने मला माफ केलं की बांधून ठेवलं, मी विचारलं नाही. लिमाला मात्र परत गेले नाही. आज माझ्या प्रसूतिगृहात फळीवर मडकी रांगेने असतात. शिकाऊ डॉक्टर त्याला कुंभारवाडा म्हणतात, म्हणोत. क्वेचुआ आता मला चांगलं येतं. तरी प्रत्येक बाळंतपणात झाकण लागल्याचा आवाज येतो, आणि दारात उभं राहून कुणीतरी माझं बोलणं हळू आवाजात दुसऱ्या भाषेत सांगतंय असं वाटतं. मी वळून बघत नाही. सतरा वर्षांत एकदाही बघितलेलं नाही.

आता ते वाक्य. दुसऱ्या पानावर तू लिहिलंयस, 'आमच्या लोकांच्या अंधश्रद्धेमुळे माझी आई गेली, आणि माझ्या माद्रिनाने मला वाचवलं.' पोरी, तुला मी वाचवलं नाही. मी पोचले तेव्हा तू आजीच्या शालीत खणखणीत रडत होतीस. आणि पहिला अर्धा भाग तुझा नाहीच. मृत्यूच्या सरकारी कागदावर, कारणाच्या रकान्यात, 'अंधश्रद्धेमुळे कुटुंबाचा केंद्रात येण्यास नकार' असं मी लिहिलं आणि खाली सही केली. पुढे तू विचारायला लागलीस तेव्हा तुलाही तेच सांगितलं. तू फक्त माझं अक्षर गिरवलंस. गुरुवारी हेच वाक्य तीन परक्या माणसांसमोर तू तुझ्या आईबद्दल बोलणार होतीस, म्हणून हे पत्र. ते वाक्य मी लाल पेनाने खोडलं आहे. तिथे काय लिहायचं ते आजीला फोन करून विचार. तिने इतकी वर्षं तोंड उघडलं नाही, कारण हे माझ्याकडून तुला कळावं असं तिचं म्हणणं होतं. तिला एवढंही विचार, की त्या दिवशी दारात एउफ्रासियाने माझं बोलणं तिला काय म्हणून सांगितलं. मला सांगितलं नाहीस तरी चालेल.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
ओर्तेन्सिया